लाडबोरीची रिंग: आकाशातून पडलेल्या वस्तूचा पंचनामा

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात संध्याकाळी सामूहिक जेवणाची तयारी चालली होती. पावणेआठच्या सुमारास पश्चिमेकडून पेटते ठिपके ओळीने येताना दिसले. पाठोपाठ लालबुंद असं काहीतरी खाली आलं आणि मोकळ्या जागेत दणकन आदळलं. लोक घरांत पळाले, दारं लावून बसले. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन पाहतात तर धातूची भलीमोठी रिंग पडलेली. व्यास सुमारे ३ मीटर, वजन ४० किलोच्या आसपास. दुसऱ्या दिवशी पवनपारच्या बाजूला जंगलात अर्धा मीटर व्यासाचा धातूचा गोळा मिळाला. पुढच्या दिवसांत आसपास तसे आणखी गोळे सापडले. कोणालाही इजा झाली नाही.

मी याच भागात वकिली करतो. माझं निम्मं काम पंचनामे वाचण्याचं: अतिवृष्टीत बुडालेली धानाची बांधी, वीज पडून मेलेला बैल, रानडुकरांनी उकरलेलं शेत, वाघाने मारलेली गाय. पंचनाम्यात चार ओळी कमी पडल्या म्हणून भरपाई अडलेली माणसं माझ्यासमोर बसलेली असतात. त्यामुळे लाडबोरीची बातमी आली तेव्हा सगळे रॉकेटबद्दल बोलत होते आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: याचा पंचनामा कोण करणार, आणि त्यात काय लिहिणार? महासत्तांची अवकाशातली चढाओढ आमच्या तालुक्यात उतरली, तेव्हा तिची पहिली गाठ पडली ती पोलीस पाटलाशी. या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट, आणि तिची तयारी आपल्याकडे नाही.

ओळख कशी पटली

पहिला अंदाज उल्केचा होता. नागपूरपासून मध्य प्रदेशातल्या झाबुआ-बडवानीपर्यंत लोकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ फिरू लागले, तेव्हा उल्का इतक्या सावकाश जात नाही हे जाणकारांच्या लक्षात आलं. मग तर्क न्यूझीलंडकडे गेला, कारण त्याच संध्याकाळी तिथून ‘इलेक्ट्रॉन’ रॉकेट सुटलं होतं. अखेर हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्राचे जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षांच्या नोंदींशी ताळा जुळवून सांगितलं की हा चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा, अनुक्रमांक वाय-७७ चा, तिसरा टप्पा असावा. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या या रॉकेटचा रिकामा टप्पा त्याच तासा-दोन तासांत खाली येणं अपेक्षित होतं आणि त्याचा मार्गही जुळत होता. या टप्प्याचा व्यास ३ मीटर. रिंगचाही तेवढाच.

या रॉकेटने नेलं काय होतं? टीजेएस-६ नावाचा उपग्रह. चीनने तो दळणवळण तंत्रज्ञानाच्या चाचणीचा म्हणून जाहीर केला. बाहेरचे अभ्यासक ही मालिका लष्करी कामाची मानतात. तिच्यातले काही उपग्रह क्षेपणास्त्रांची आगाऊ सूचना देण्यासाठी असावेत, असा त्यांचा कयास आहे. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर आपल्या जागी गेला. त्याला वर ढकलणारा टप्पा लांबट कक्षेत तसाच सोडून दिला. प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळून जाताना विरळ हवेशी त्याची थोडी थोडी घासाघीस होत राहिली, कक्षा आवळत गेली आणि १४ महिन्यांनी तो कोसळला. शेवटचं थोडं इंधन राखून असा टप्पा ठरवून महासागरात उतरवता येतो. पण त्याला वजन लागतं, पैसा लागतो, आणि चढाओढीच्या घाईत आधी कात्री लागते ती अशाच खर्चाला.

गोळे जळून का गेले नाहीत, हे मला गावोगाव विचारलं गेलं. ते दाबाखालचा वायू साठवायच्या टाक्या असतात. अशा टाक्या अनेकदा टायटॅनियमच्या असतात आणि हा धातू १,६६८ अंश सेल्सिअसला वितळतो. शिवाय गोळा पोकळ असल्याने आकाराच्या मानाने हलका, म्हणून हवेत शिरताच त्याचा वेग लवकर पडतो आणि पुरता तापण्याआधीच तो खाली पोहोचतो.

ओळख पटण्याच्या या कहाणीतली एक गोष्ट मनाला लागते. आपल्या जमिनीवर पडलेल्या वस्तूचं नाव जगाला कळलं ते अमेरिकेतल्या एका खगोलशास्त्रज्ञाकडून, आणि तेही मुख्यतः अमेरिकी लष्कराने ठेवलेल्या अवकाश-वस्तूंच्या यादीच्या आधारे. काही दिवसांनी इस्रोचे शास्त्रज्ञ सिंदेवाहीला येऊन वस्तू पाहून गेले, त्यांनी त्यांचं काम केलं. पण आकाशात काय फिरतंय याची यादी ज्याच्या हातात, त्याच्या शब्दाला वजन. भारताने अवकाश-वस्तूंवर लक्ष ठेवण्याचा ‘नेत्र’ प्रकल्प २०१९ मध्ये हाती घेतला आणि बंगळुरूतलं त्या कामाचं इस्रोचं केंद्र जुलै २०२२ मध्ये सुरू झालं, म्हणजे लाडबोरीनंतर तीन महिन्यांनी.

वस्तू कोणाची?

लाडबोरीच्या मोकळ्या जागेत पडलेली रिंग कोणाची? गावकऱ्यांचं पहिलं उत्तर, ज्याच्या जागेत पडली त्याची. दुसरं उत्तर, सरकारची. आंतरराष्ट्रीय कायद्याचं उत्तर आहे: ज्याने रॉकेट सोडलं आणि ज्याच्या नोंदवहीत ते आहे, त्या देशाची. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं ८ वं कलम सांगतं की वस्तू अवकाशात असो वा पृथ्वीवर परत आलेली असो, मालकी बदलत नाही. म्हणजे ती भंगारवाल्याला विकता येत नाही, घराच्या कुंपणाला लावता येत नाही, आठवण म्हणून तुकडा कापून ठेवता येत नाही.

१९६८ चा बचाव करार त्यापुढची पायरी सांगतो. आपल्या हद्दीत अवकाशातली वस्तू उतरल्याचं कळलं की त्या देशाने सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना कळवायचं. मालकाने मागितली तर वस्तू परत द्यायची, पण तिची ओळख पटवणारी माहिती त्याच्याकडून आधी मागता येते. ती घातक असेल तर धोका दूर करण्याची जबाबदारी त्याच्यावर. आणि शोधून काढण्याचा, परत करण्याचा खर्च त्याच्याच माथी.

भरपाईचा मुद्दा १९७२ च्या दायित्व करारात आहे आणि तो आमच्यासारख्यांच्या बाजूने फार भक्कम लिहिलेला आहे. जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झालं तर सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार. त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. (अवकाशातल्या अवकाशात टक्कर झाली तर मात्र चूक दाखवावी लागते.) मागणी सरकारने सरकारकडे, राजनैतिक मार्गाने करायची. मुदत एक वर्ष: नुकसान झाल्यापासून, किंवा कोणाची वस्तू ते कळल्यापासून. भारत आणि चीन दोघेही या तिन्ही करारांत आहेत, १९७५ च्या नोंदणी करारातही आहेत.

लाडबोरीत घर मोडलं नाही, माणूस दगावला नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उठला नाही. पण एप्रिल हा आमच्याकडे मोहफुलाचा हंगाम असतो. झुंजुमुंजू व्हायच्या आत बाया टोपल्या घेऊन जंगलात शिरतात, वाघाच्या भीतीने चारचौघी मिळून जातात, खाली वाकून फुलं वेचत राहतात. पवनपारचा गोळा सापडला तो अशाच जंगलात. हा पेटता टप्पा रात्रीऐवजी पहाटे आला असता, तर मी हे प्रकरण निराळ्या तऱ्हेने लिहीत असतो.

कॅनडाने पाठवलेलं बिल

पंचनाम्याचं मोल कळायला उत्तर ध्रुवाच्या दिशेने जावं लागतं. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-९५४ उपग्रह कॅनडाच्या वायव्य प्रदेशात कोसळला. अमेरिकी युद्धनौकांवर रडारने पाळत ठेवणारा हा उपग्रह, आणि त्याच्या पोटात वीज पुरवणारी छोटी अणुभट्टी. किरणोत्सारी तुकडे ग्रेट स्लेव्ह सरोवरापासून पुढे शेकडो किलोमीटर बर्फात विखुरले. ही डेने आणि इनुइट या मूळ रहिवाशांची शिकारीची, मासेमारीची भूमी. शीतयुद्ध दोन महासत्तांचं, पण कोणता बर्फ तुडवायचा आणि कोणता नाही हे विचारण्याची पाळी आली त्यांच्यावर.

कॅनडा आणि अमेरिकेच्या पथकांनी कडाक्याच्या थंडीत महिनोन् महिने विमानांनी, हेलिकॉप्टरांनी आणि पायी तो प्रदेश विंचरून काढला. कॅनडाचा एकूण खर्च सुमारे १ कोटी ४० लाख कॅनेडियन डॉलर झाला. त्यातून पगार-यंत्रणेचा जो खर्च एरवीही झालाच असता तो वगळून त्याने सोव्हिएत संघाकडे मागणी केली ६० लाख ४१ हजार १७४ डॉलर ७० सेंटची. वकील म्हणून मला त्या ७० सेंटचं फार कौतुक वाटतं. अणुभट्टी कोसळलेली, जग हादरलेलं, आणि कोणीतरी बसून प्रत्येक उड्डाण, प्रत्येक पिंप इंधन, प्रत्येक जादा तास लिहून ठेवत होतं. पदरात पडले ३० लाख. तो समझोता झाला २ एप्रिल १९८१ रोजी. लाडबोरीत रिंग पडली त्याच तारखेला, ४१ वर्षं आधी.

निम्मीच रक्कम मिळाली म्हणून कोणी नाक मुरडेल. पण एवढ्या बलाढ्य देशाकडून ३० लाख निघाले ते नोंदींमुळे. आमच्या तहसिलीतला अनुभव यापेक्षा वेगळा नाही. ज्याच्या नुकसानीची नोंद झाली, त्याचीच फाइल पुढे सरकते.

ध्रुवांवरची ठाणी

ध्रुवांचा अवकाशाशी आणखी एक संबंध आहे, तोही इथेच सांगतो. पृथ्वीची छायाचित्रं काढणारे बहुतेक उपग्रह दोन्ही ध्रुवांवरून फिरतात. दर फेरीला ते ध्रुवाजवळ येतात, म्हणून माहिती उतरवून घ्यायला ध्रुवाजवळचं ठाणं सगळ्यात सोयीचं. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जगातलं अशा कामाचं फार मोठं केंद्र आहे. जानेवारी २०२२ मध्ये स्वालबार्डला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या दोन केबलपैकी एक नादुरुस्त झाली, तेव्हा सुरक्षा वर्तुळांत चलबिचल झाली ती यामुळेच. दक्षिणेला अंटार्क्टिकातल्या आपल्या ‘भारती’ केंद्रावरही इस्रोचं असं ठाणं आहे. आमच्या भागातलं धानाचं क्षेत्र, पुराखाली गेलेली जमीन, मामा (माजी मालगुजारी) तलावांतलं पाणी उपग्रहाच्या चित्रांवरून मोजलं जातं. नागपुरात त्यासाठी केंद्राची आणि राज्याची अशा दोन संस्था आहेत. चीनने २०१८ च्या श्वेतपत्रिकेत स्वतःला ‘आर्क्टिकजवळचा देश’ म्हटलं आणि भारताने मार्च २०२२ मध्ये स्वतःचं आर्क्टिक धोरण जाहीर केलं. ही सगळी ओढाताण मला परकी वाटत नाही, तिचा एक धागा आमच्या बांधीपर्यंत येतो.

अंटार्क्टिकाची एक गोष्ट मात्र अवकाशाने उचलायला हवी होती. १९५९ च्या अंटार्क्टिक करारानुसार सल्लागार देश (ज्यांना निर्णयात मत आहे ते) दुसऱ्याच्या कोणत्याही केंद्राची कधीही तपासणी करू शकतात. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या उपग्रहांबाबत अशी सोय नाही. वरच्या टीजेएस-६ मध्ये काय आहे ते आत डोकावून पाहता येत नाही; खाली पडलेल्या रिंगवरून अंदाज बांधावा लागतो.

आपलं रॉकेट पडलं तर?

इथे स्वतःच्या घराकडेही पाहिलं पाहिजे. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन हेडजवळच्या किनाऱ्यावर भलामोठा पिंपासारखा भाग वाहून आला. तो आपल्या इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा निघाला. उपग्रह पाडण्याच्या चाचण्याही फक्त चीनने (२००७), अमेरिकेने (२००८) आणि रशियाने (२०२१) केल्या असं नाही. २७ मार्च २०१९ ची ‘मिशन शक्ती’ आपलीच. ती सुमारे ३०० किलोमीटरच्या आत केल्यामुळे बहुतेक तुकडे लवकर खाली येऊन जळाले. चीनच्या चाचणीचे तुकडे मात्र ८०० किलोमीटरच्या वर विखुरले आणि आजही फिरताहेत. हा फरक मोठा आहे, मी तो मानतो. तरी डिसेंबर २०२२ मध्ये अशा विध्वंसक चाचण्या थांबवण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला तेव्हा १५५ देशांनी बाजूने मत दिलं, चीन-रशियासह ९ जणांनी विरोध केला आणि भारत तटस्थ राहिला. ज्या देशाच्या गावात परक्या रॉकेटची रिंग पडली, त्याने आठच महिन्यांनी तटस्थ राहावं हे मला पटलेलं नाही. २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचं उद्दिष्ट भारताने २०२४ मध्ये जाहीर केलं, ते मला खरं पुढचं पाऊल वाटतं.

आता कायद्यातली एक बारीक पण जीवघेणी फट. दायित्व कराराच्या ७ व्या कलमाप्रमाणे सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना तो करार लागूच होत नाही. चीनचा तुकडा लाडबोरीच्या घरावर पडला तर भारत सरकार चीनकडे भरपाई मागू शकतं. भारताचाच तुकडा त्याच घरावर पडला तर या कराराचा त्या घरधन्याला काही उपयोग नाही. त्याने देशातल्या कायद्याने न्याय मागायचा. आणि देशात अवकाशाचा वेगळा कायदा नाही. विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये लोकांपुढे ठेवला होता, तो कायदा झाला नाही. २०२३ मध्ये धोरण आलं, पण धोरण दाखवून दिवाणी न्यायालयात भरपाई मिळत नाही. खासगी कंपन्या रॉकेटं उडवू लागल्या असताना ही फट उघडी ठेवणं धोक्याचं आहे.

हीच फट चीनच्या शेतकऱ्यालाही गिळते. ज्या ‘चांग झेंग ३बी’ चा टप्पा आमच्याकडे पडला, त्याचं पहिलंच उड्डाण फेब्रुवारी १९९६ मध्ये चीनमधल्या शिचांगच्या प्रक्षेपण तळाजवळच्या वस्तीत कोसळलं होतं. सरकारी आकड्यानुसार ६ माणसं मेली. शिचांगच्या रॉकेटांचे खालचे टप्पे आजही आतल्या प्रांतांतल्या गावांजवळ पडतात आणि त्या टप्प्यांत विषारी इंधन असतं. लाडबोरीच्या माणसाने चीनवर रागवावं हे रास्तच. पण शिचांगच्या पायथ्याशी भात लावणारा माणूस त्याच्याच जातकुळीचा आहे, हेही मी गावात सांगत असतो.

पंचनाम्यात काय लिहायचं

२०२२ साली आपत्ती मदतीसाठीच्या केंद्राच्या यादीत १२ आपत्ती होत्या: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड, थंडीची लाट. अवकाशातून पडलेली वस्तू त्यात नाही. निधीचा १० टक्क्यांपर्यंतचा भाग राज्य आपल्या स्थानिक आपत्तींसाठी वापरू शकतं; महाराष्ट्राने वीज पडणं असंच सामावून घेतलं. त्याच वाटेने अवकाश-वस्तूही घेता येईल. दिल्लीहून नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही, राज्याने मनावर घेतलं तर काम होईल. लाडबोरीनंतर सव्वा महिन्यात गुजरातच्या आणंद जिल्ह्यात असेच गोळे पडले, तेव्हा हा एकट्या सिंदेवाहीचा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी एक प्रयोग केला. बुरडाकडून बांबूच्या कामट्यांची ३ मीटर व्यासाची रिंग करून घेतली, धान निघालेल्या एका कोरड्या बांधीत टाकली आणि ओळखीतल्या चार गावांचे पोलीस पाटील, कोतवाल आणि दोन शिक्षक यांना बोलावलं. समजा, ही आकाशातून पडली आहे, पंचनामा लिहा. पहिला कागद चार ओळींचा आला: ‘अज्ञात लोखंडी वस्तू शेतात पडलेली दिसली. जीवितहानी नाही. पंच हजर.’ लोखंडी कशावरून, असं विचारल्यावर सगळे गप्प. अज्ञात किती वाजल्यापासून, यालाही उत्तर नव्हतं.

मग आम्ही बांधावर बसलो आणि एकेक गोष्ट काढत गेलो. वेळ घड्याळातली, मिनिटासकट, कारण कक्षेशी ताळा मिनिटांवर जुळतो. उजेड कुठून कुठे गेला ते दिशांसह. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश. फोटो काढताना शेजारी काठी किंवा टेप, म्हणजे आकार कळेल. खड्डा पडला का, गवत जळलं का, वास येतो का. काही टाक्यांत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन असतं, त्यामुळे वास आला की सगळ्यांनी वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब जायचं आणि पुढचं लिखाण तिथून करायचं. आधी कोणी हात लावला असेल तर त्याचं नाव. अक्षरं, आकडे, खुणा दिसतील तशा उतरवायच्या.

एका आजीबाई शेण वेचत तिकडून चालल्या होत्या, त्या थांबल्या. “मोहफुलं वेचताना असा गोळा दिसला तं हात लावाचा का जी?” मी म्हटलं, आजी, नाही लावायचा, लांबूनच पाटलाला सांगायचं. “आन् थो कोनाचा रायते?” ज्या देशाने वर पाठवला त्याचा, मी म्हणालो. त्यांनी थोडा विचार केला. “मंग राखाची मजुरी त्याइनंच द्याले पायजे.”

बचाव कराराच्या ५ व्या कलमातली खर्चाची तरतूद मला इतक्या थोडक्यात कधी सांगता आली नव्हती. पोलीस पाटलांनी ते लगेच लिहून घेतलं. दुसरा पंचनामा दोन पानांचा झाला. त्याच्या शेवटच्या ओळी अशा: ‘वस्तूभोवती पन्नास पावलांवर दोरी बांधली. पंचनामा सुरू झाल्यावर कोणीही हात लावलेला नाही. रात्रीच्या पहाऱ्यास कोतवाल व दोन गावकरी. दोरी, टॉर्चचे सेल व पहाऱ्याची मजुरी यांचा हिशोब सोबतच्या वहीत, पान १ पासून.’